ऑप्शनला टाकलेला प्रश्न

एप्रिल २०२४ ची गोष्ट. लोकसभेचे दिवस होते. चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला, आपल्या नांदेडचं २६ एप्रिलला आणि लातूरचं ७ मेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मेसमध्ये कूलर नुसता आवाज करत होता आणि वरणात नेहमीप्रमाणे डाळ शोधायचं काम चालू होतं. तेवढ्यात एकानं मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचली आणि अख्खं टेबल हसून लोळलं.

बातमी होती वनिता राऊत यांची. चंद्रपूर मतदारसंघात अखिल भारतीय मानवता पक्षाकडून त्या उभ्या होत्या. त्यांचं आश्वासन काय, तर 'गाव तिथे बिअर बार'! शिवाय निवडून आले तर खासदार निधीतून गोरगरिबांना विदेशी व्हिस्की आणि बिअर स्वस्तात देईन. विकणाऱ्याकडे परवाना हवा, तसा पिणाऱ्याकडेही हवा. कारण गरीब माणूस दिवसभर राबतो, संध्याकाळी पितो, आणि चांगली दारू परवडत नाही म्हणून वाईट पितो.

"आपल्या मतदारसंघात असं कोणी का उभं राहीना बे?" एकजण म्हणाला. पुन्हा हशा. मीपण हसलो. खोटं कशाला बोलू?

नंतर मात्र ती बातमी डोक्यातून जाईना. शेवटी इंजिनिअरिंगची सवय, म्हटलं आकडे टाकून बघू. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये. तो टिकाऊ, सार्वजनिक कामांसाठी असतो. रस्ता, वर्गखोली, बोअर, सभागृह. वाटून संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत, मग व्हिस्की कुठून बसणार? दुसरं, दारू हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचा विषय. दुकानाचं लायसन राज्य सरकारचं उत्पादन शुल्क खातं देतं, दिल्लीतला खासदार नाही. तिसरं, पिणाऱ्याला परवाना हवा ही काही नवी कल्पना नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून आपल्या राज्यात तो लागतोच. आपण कोणी काढत नाही ही गोष्ट वेगळी. आणि चौथं, घटनेच्या ४७ व्या कलमात राज्यानं दारूबंदीच्या दिशेनं जावं असं मार्गदर्शक तत्त्व आहे.

म्हणजे पेपर तपासला तर उत्तर सपशेल चूक. पण मित्रांनो, एक गोष्ट मान्य करावी लागेल. या उमेदवारानं प्रश्न सोडवायला घेतला होता. बाकीच्यांनी तो ऑप्शनला टाकला होता.

हे आश्वासन चंद्रपुरातच का आलं, त्यालाही इतिहास आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातल्या बायकांनी तशीच बंदी मागितली. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकारानं २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानसभेवर बायका पायी चालत गेल्या. अखेर सुधीर मुनगंटीवार पालकमंत्री असताना १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. तेव्हा पालकमंत्री होते विजय वडेट्टीवार. कारणं सांगितली ती अशी: बंदीत दारू थांबली नाही, चोरून येऊ लागली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला.

आता मजा बघा. २०१९ च्या विधानसभेला याच जिल्ह्यात ब्रह्मपुरीतून पारोमिता गोस्वामी उभ्या होत्या, बंदीसाठी आयुष्याची वर्षं घालवलेल्या. आणि चिमूरमधून उभ्या होत्या वनिता राऊत, गावोगावी बार मागणाऱ्या. एकाच जिल्ह्यात, एकाच निवडणुकीत एक म्हणते बंद करा, दुसरी म्हणते उघडा. दोघीही पडल्या. पण दोघींचं म्हणणं मतदाराला कळत तरी होतं! कोणाला मत दिल्यावर काय होईल हे स्पष्ट होतं.

"ते विदर्भाचं झालं, आपल्याला काय त्याचं?" असं कोणी म्हणेल. म्हणून आता घरचं बघू.

नांदेडकरांनी २०२४ मध्ये तीन मतं दिली. एप्रिलमध्ये लोकसभा. ऑगस्टमध्ये खासदार वसंतराव चव्हाण वारले, म्हणून २० नोव्हेंबरला लोकसभेची पोटनिवडणूक आणि त्याच दिवशी विधानसभा. त्या वर्षात गावात आणि चौकात मी कितीतरी सभा ऐकल्या. सोयाबीनचा भाव ऐकला, आरक्षण ऐकलं, पाणी ऐकलं. नशेबद्दल ऐकलं ते एवढंच, की "आमचा तरुण व्यसनमुक्त झाला पाहिजे!" टाळ्या. पुढचा विषय. कसा होणार, कोण करणार, पैसा कुठला, काही नाही. आणि त्याच सभेच्या मागच्या बाजूला झेंडे लावणाऱ्या पोरांना पेट्रोल, बिर्याणी आणि क्वार्टर मिळत होती. हे कोणत्या एका पक्षाचं नाही. आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे. आपल्यातल्या काहींनी घेतलेलंपण आहे.

निवडणुकीचं एकमेव 'दारू धोरण' म्हणजे मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ड्राय डे. आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानासमोरची लाईन!

सरकारचंही तसंच. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. टपरीवर जाऊन विचारा, बंदी कुठे आहे ते. भाव वाढला एवढाच काय तो फरक. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, विरोधानंतर तो अंमलात आला नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील म्हणून. एका हातानं हे आणि दुसऱ्या हातानं २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आपल्याकडून शपथ. हात पुढे करून आपणही ती म्हणतो. मागच्या रांगेतल्या पोरांच्या तोंडात तेव्हा काय असतं ते मागच्या रांगेलाच माहीत.

आता लातूर. ज्या लातूरनं महाराष्ट्राला शिक्षणाचा 'पॅटर्न' दिला, जिथं अकरावी-बारावीसाठी पोराला ठेवायला बाप जमीन गहाण टाकतो, त्याच जिल्ह्यात एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावाच्या शिवारात केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयानं धाड टाकली. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, तयार करायचा कारखानाच सापडला. ११ किलोच्या वर माल, किंमत सुमारे १७ कोटी. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत असाच कारखाना पकडला होता. एमडी शेतात उगवत नाही. ते रिॲक्टरमध्ये बनतं. म्हणजे ते बनवायला केमिस्ट्री शिकलेला माणूस लागतो. केमिकलच्या मित्रांनो, राग मानू नका, पण शिक्षण आणि नशा हे दोन वेगळे विषय नाहीत हे यावरून कळावं.

नशेची आकडेवारीही बघा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली, २०१९ मध्ये अहवाल आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. भांग-गांजा-चरस घेणारे २.८ टक्के, म्हणजे ३ कोटींच्या वर. आणि मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा हा: दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसले तरी उपचार मिळतात. बाकीचे ३७?

त्या ३७ मधला नाही, पण तसाच एक मी जवळून बघितलाय.

डिप्लोमाला मी दुसऱ्या गावातल्या एका हॉस्टेलवर होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट कोणत्याही कॉलेजची असू शकते. माझा रूम पार्टनर शेतकऱ्याचा पोरगा. ड्रॉइंग असं काढायचा की सर त्याची शीट वर्गात दाखवायचे. दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले. घरी सांगितलं नाही. एका सिनियरनं सबमिशनच्या रात्री गांजा दिला, "टेन्शन जाईल" म्हणून. पहिल्यांदा गेलंही असेल. मग रोज जायला लागलं, आणि रोज दुप्पट होऊन परत यायला लागलं.

एका रात्री दोन वाजता तो उठून बसला. छाती धडधडत होती, अंगाला घाम. "कोणीतरी दाराबाहेर उभं आहे, मला मारू लालेत," एवढंच बोलायचा. आम्ही चौघं होतो. सरकारी दवाखाना पंधरा मिनिटांवर. आम्ही त्याला नेलं नाही. का? तर डॉक्टर विचारील काय घेतलं, मग पोलीस येतील, मग रेक्टरला कळेल, मग आपण चौघंही बाहेर. आम्ही त्याला लिंबूपाणी पाजलं आणि दाराला आतून कडी लावून सकाळपर्यंत त्याच्या हाताला धरून बसलो. काही बरं-वाईट झालं असतं तर? आज लिहितानाही अंगावर काटा येतो.

तो वाचला. पण महिनाभरानं रूम तपासली तेव्हा पुडी सापडली. एका तासात रूम खाली करायला सांगितलं. त्याचे बाबा सकाळच्या एसटीनं आले. पांढरं धोतर, हातात पिशवी. कोणाशी भांडले नाहीत. पेटी ऑटोत ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "लेकरा, तुला ठाऊक होतं का रे?"

मी मान खाली घातली. काय सांगणार? ठाऊक होतं. मीपण तो प्रश्न ऑप्शनलाच टाकला होता.

त्याचं वर्ष गेलं, मग कॉलेजच सुटलं. ज्यानं पुडी विकली होती तो आठवड्यानं त्याच टपरीमागे, त्याच वेळेला उभा होता. कारवाई झाली होती, नशा तशीच होती.

नंतर कायदा वाचला तेव्हा तर जास्तच वाईट वाटलं. अमली पदार्थांचा आपला कायदा १९८५ चा, एनडीपीएस. लई कडक म्हणून प्रसिद्ध. पण त्यातच ६४-अ नावाचं एक कलम आहे. व्यसनी माणूस थोड्या मालासह पकडला गेला आणि स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. म्हणजे देशाचा सगळ्यात कडक कायदासुद्धा म्हणतो, आधी दवाखाना. त्या हॉस्टेलचा नियम म्हणत होता, आधी ऑटो. आणि त्या रात्री आम्हा चौघांपैकी एकालाही हे कलम माहीत नव्हतं. माहीत असतं तर आम्ही दवाखान्यात गेलो असतो. एवढा साधा फरक पडतो माहितीनं.

मग आम्हाला शिकवतात काय? वर्षातून एक व्याख्यान. पाहुणे येतात, सत्कार होतो, कवटीचं चित्र असलेली स्लाइड दाखवतात आणि सांगतात, एकदा घेतलं की संपलं. आता समोर बसलेल्यांपैकी काहींनी घेतलेलं असतं आणि ते काही संपलेले नसतात. ते मनात म्हणतात, हे खोटं बोलू लालेत. मग त्याच पाहुण्यांनी पुढं सांगितलेलं खरंही कोणी ऐकत नाही. खरं काय ते सांगा ना! कमी वयात आणि रोज गांजा घेतला तर काहींच्या डोक्यावर कायमचा परिणाम होतो, भास होतात, संशय येतो, घरात आधी कोणाला मानसिक आजार असेल तर धोका आणखी मोठा. एमडीनं झोप उडते, हृदयाचे ठोके वाढतात, उतरलं की पुन्हा हवंसं वाटतं. आणि दारू हीसुद्धा नशाच आहे, फक्त ती दुकानात मिळते. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ वर्षं आणि व्हिस्की-रमला २५ वर्षं वय लागतं. म्हणजे आपल्या हॉस्टेलवर कायद्यानं व्हिस्की पिऊ शकेल असा पोरगा शोधायला गेलात तर बहुतेक रेक्टर सरच सापडतील. (सर, हलकेच घ्या!)

याच विषयावर आमच्या एका सरांशी बोललो. त्यांचं म्हणणं तसंच्या तसं मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणाले, "अरे, शिक्षेची भीती काढून घेतली तर जे चार घाबरून लांब आहेत तेपण जवळ जातील. तीनशे पोरांचे आईबाप आमच्या भरवशावर पोरं ठेवतात. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" सर, तुमचा मुद्दा मला पटतो. तुमच्यावरचं ओझं आम्हाला दिसत नाही. पण मी भीती काढा म्हणत नाही, भीतीचा पत्ता बदला म्हणतो. विकणाऱ्याला भीती वाटली पाहिजे. जो अडकलाय त्याला, आणि त्याला धरून बसलेल्या चौघांना, तुमचं दार वाजवायची भीती वाटता कामा नये. त्या रात्री आम्ही गांजाला घाबरलो नव्हतो. रेक्टरला घाबरलो होतो.

बंदी असावी की नसावी? मला विचाराल तर गावच्या बायकांवर सोडावं. आपल्या राज्यात तशी सोय आहेच. महिलांनी मागणी केली की मतदान घेतात, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी केली की दुकान बंद. ज्यांच्या घरात भोगावं लागतं त्यांनीच ठरवायचं. पण एमडी आणि गांजाला दुकान नाही, पाटी नाही, तिथं बाटली आडवी करता येत नाही. तिथं धोरणच लागतं. आणि धोरण निवडून आलेलेच करतात.

म्हणून पुढच्या वेळी कोणी उमेदवार कट्ट्यावर आला, "युवाशक्ती, युवाशक्ती" म्हणाला, की त्याला तीनच प्रश्न विचारायचे.

एक: आपल्या जिल्ह्यात व्यसनाच्या पेशंटसाठी सरकारी खाटा किती आहेत, आणि निवडून आल्यावर किती करणार? (आकडा सांगा. 'प्रयत्न करू' हे उत्तर धरलं जाणार नाही.)

दोन: शाळा-कॉलेजात वर्षातून एक भाषण सोडून काय करणार? प्रत्येक मोठ्या हॉस्टेलला समुपदेशक देणार का, आणि त्याचा पगार कोण देणार?

तीन: तुमच्या प्रचारात पोरांना दारू वाटली जाते का? नसेल तर जाहीर सांगा. असेल तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची गरज नाही.

उत्तर चूक आलं तरी चालेल. वनिता राऊत यांचंही चूकच होतं. पण चुकीच्या उत्तरावर निदान लाल पेनानं गोल करता येतो. कोऱ्या पानावर काय करणार?

आणि हो, हे प्रश्न नेत्यांना विचारायच्या आधी आपल्या घरचा पेपर. या मासिकाच्या पानावरून मी कॉलेजला एकच मागणी करतो. हॉस्टेलच्या नियमावलीत एक ओळ घाला: जो स्वतःहून मदत मागायला येईल, किंवा मित्राला दवाखान्यात घेऊन जाईल, त्याच्यावर कारवाई होणार नाही. एकच ओळ. खर्च शून्य. आणि प्रत्येक मजल्यावर, मेसच्या टाइमटेबलशेजारी, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ एवढी मोठी लिहा की पाण्याची बाटली भरताना दिसली पाहिजे.

मित्रांनो, शेजारच्या रूममध्ये आज रात्री कोणी दोन वाजता उठून बसला, तर लिंबूपाणी करत बसू नका. ऑटो बोलवा. दवाखान्यात न्या. रेक्टर सरांना उठवा. ते चिडतील, चिडू द्या.

पटलं तर घ्या. नाही पटलं तर मेसमध्ये भेटा, वाद घालू. वरणातली डाळपण सोबतच शोधू.